कैरोचा घोड्यांचा दवाखाना

परमुलखात जाऊन तेथील मुक्या जनावरांची शुश्रूषा करावी, आणि तीही कोणत्या सरकारच्या चाकरीत न राहता निव्वळ स्वेच्छेने करावी, ही कल्पना आपल्याकडील पशुवैद्यक महाविद्यालयांतील तरुणांच्या आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही एक इतिहास आहे आणि तो फारसा पुरातन नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जनावरांचे वैद्य पूर्वी परदेशी जात नसत असे नाही. परंतु ते जात ते बहुधा राजाच्या बोलावण्यावरून आणि तनखा ठरवून. ईजिप्तच्या मुहम्मद अलीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस हामाँ नावाचा फ्रेंच पशुवैद्य आपल्या राज्यात आणविला, तो भात सडण्याच्या यंत्रांना जुंपलेले बैल साथीने मरू लागले म्हणून. आर्नोल्ड थाइलर हा स्विस पशुवैद्य १८९१ मध्ये ट्रान्सवालात गेला तो नशीब काढावयास, आणि १८९६ मध्ये गुरांच्या बुळकांडीची भयंकर साथ तेथे पोहोचली तेव्हा सरकारी नोकरीत शिरला. त्याच साथीसाठी किंबर्लीस पाचारण केलेला रॉबर्ट कॉख तेथूनच पुढच्या वर्षी प्लेगच्या तपासासाठी मुंबईस आला, ही गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. या सर्वांचे कार्य थोर होते यात संशय नाही. तथापि त्यामागे जी निकड होती ती दयेची नसून महसुलाची होती, कारण बैल मेला म्हणजे नांगर थांबतो, आणि नांगर थांबला म्हणजे खजिन्यात येणारा सारा थांबतो.

स्वयंसेवेचा प्रवाह निराळ्या ठिकाणी उगम पावला, आणि ते ठिकाण रणांगण होते. १९१२ साली बाल्कन प्रदेशात युद्धाचा वणवा पेटला, तेव्हा लंडनमधील 'अवर डम्ब फ्रेंड्स लीग' या १८९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने लढाईतील घोड्यांसाठी वर्गणी गोळा करून एक निधी उभारला व त्यास 'ब्लू क्रॉस' असे नाव दिले. दोनच वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि या मंडळींनी आपली सेवा ब्रिटिश युद्धखात्याच्या चरणी रुजू केली असता खात्याने ती नाकारली. आमचे पशुवैद्यक दल या कामास समर्थ आहे, असा त्या नकाराचा इत्यर्थ होता. तो सर्वस्वी पोकळ नव्हता, कारण फ्रान्समधील त्या दलाच्या रुग्णालयांत युद्धकाळात पंचवीस लाखांहून अधिक वेळा घोडी व खेचरे दाखल झाली आणि त्यांपैकी शेकडा ८० च्या सुमारास बरी होऊन पुन्हा कामावर परतली. फ्रेंच सैन्याची व्यवस्था इतकी नेटकी नव्हती. म्हणून इंग्रज लोकांच्या वर्गणीतून फ्रान्सच्या भूमीवर फ्रेंच घोड्यांची रुग्णालये निघाली. स्वतःच्या सरकारने दार लावून घेतल्यामुळे का होईना, एका राष्ट्राचे पैसे दुसऱ्या राष्ट्राच्या जनावरांवर खर्च होऊ लागले, आणि माझ्या मते या चळवळीचे खरे वळण तेथेच आले. युद्धखात्याने ती सेवा स्वीकारली असती तर 'आपले घोडे' या शब्दांच्या कुंपणाबाहेर ती दया कदाचित आणखी पुष्कळ वर्षे पडली नसती.

हे कुंपण किती उंच होते हे युद्ध संपल्यावर ईजिप्तमध्ये दिसले. पॅलेस्टाइनच्या मोहिमेत वाळवंट तुडविणारे घोडे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा दूरदूरच्या मुलखांतून आणलेले होते. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाबाहेर धाडलेल्या घोड्यांची संख्या १,३६,००० धरतात, आणि त्यांतला एकच मायदेशी परतला. त्याचे नाव सँडी, आणि तो गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या जनरल ब्रिजेसचा घोडा होता. बाकीच्यांस परत नेण्यास जहाजे नव्हती, पैसा नव्हता, आणि रोग देशात शिरतील या भयाने घातलेले निर्बंध आडवे होते. म्हणून घोड्यांची प्रतवारी झाली. जे म्हातारे किंवा अधू ठरले त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, जे धडधाकट ठरले त्यांतले पुष्कळ हिंदुस्थानातील फौजेसाठी रवाना झाले, आणि ब्रिटिश फौजेचे सुमारे २० हजार घोडे ईजिप्तमध्येच विकून टाकण्यात आले. स्वारांनी या विक्रीबद्दल हळहळ व्यक्त केली, क्वचित् आपल्या हाताने आपला घोडा मारणे अधिक पसंत केले. परंतु दप्तरातील जमाखर्च जुळला आणि प्रकरण मिटले.

आपल्या जुन्या पागेच्या परिभाषेत हा व्यवहार फार स्वच्छ मांडता येतो. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे स्वारांचे दोन वर्ग असत. बारगिराच्या मांडीखाली सरकारी घोडा, त्याची चंदी सरकारातून, त्याचा मोतद्दार सरकारी, आणि तो मेला तर हानी सरकारची. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, आणि तो मेला म्हणजे शिलेदाराच्या पोटावर पाय. हीच शिलेदारी पद्धत, असामी या शब्दासकट, इंग्रजांनी हिंदुस्थानी रिसाल्यांत उचलली होती. १८१७ च्या पुणे करारान्वये पेशव्यांच्या खर्चाने उभा राहिलेला आणि पुढे 'पूना हॉर्स' म्हणून ख्यातनाम झालेला रिसाला याच परंपरेतला, आणि तो १९१८ मध्ये पॅलेस्टाइनच्या त्याच मोहिमेत लढत होता. महायुद्धाच्या ओझ्याखाली ती पद्धत मोडली. पण कैरोच्या बाजारात १९१९ साली जे घडले ते असे की, काल बारगिराचा असलेला घोडा आज शिलेदाराचा झाला, आणि शिलेदारही कसा, तर भाड्याची गाडी हाकून दिवसाची भाकर मिळविणारा किंवा खाणीतील दगड वाहून नेणारा. सरकारी पागेत ज्याचा तोबरा वेळेवर भरला जाई, ज्याला सालोत्री रोज तपासून जाई, तोच घोडा अशा माणसाच्या हाती गेला की ज्याला स्वतःच्याच जेवणाची शाश्वती नव्हती. त्या माणसाला क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्या काळच्या पुष्कळ इंग्रज प्रवाशांनी ते केलेही.

१९३० मध्ये ब्रिगेडियर जेफ्री ब्रुक याची ईजिप्तमधील ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडवर नेमणूक झाली आणि त्याची पत्नी डोरोथी ही त्याच्यासमवेत कैरोस आली. ही बाई पशुवैद्य नव्हती. घोड्यांची जाणकार मात्र होती. युद्धात विकलेल्या घोड्यांपैकी कोणी अद्याप हयात आहेत काय, अशी तिने चौकशी आरंभली. शहरातील गाड्यांना, गाळाने भरलेल्या खटाऱ्यांना आणि बाहेरच्या खाणींतील ओझ्यांना जुंपलेल्या जनावरांमध्ये काही उंच बांध्याचे घोडे दिसत, त्यांच्या पुठ्ठ्यावर सरकारी मालकीचा बाणाचा डाग अजून स्पष्ट असे. त्यांची वये वीस वर्षांच्या पलीकडे गेलेली होती. कडियाळ्याने ओठांच्या कोपऱ्यांत पडलेल्या चिरा, तंगाखाली व छातीवर न भरणाऱ्या जखमा, वर्षानुवर्षे न तासलेल्या आणि पुढे वाकलेल्या खुरांमुळे सुजलेले सांधे, डोळ्यांत माश्या आणि त्या माश्यांनी आणलेला आंधळेपणा, अशी त्यांची अवस्था होती. त्यांतल्या एकास, ज्याला पुढे 'ओल्ड बिल' असे नाव पडले, तिने विकत घेतले, काही दिवस पोटभर चारा आणि विसावा दिला, आणि मग शांतपणे मारविले.

एप्रिल १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात तिचे पत्र प्रसिद्ध झाले. आपल्या देशासाठी लढलेले घोडे परमुलखात बेवारस मरत आहेत, हे वाचून इंग्रज वाचक द्रवला नसता तरच नवल. पैसा आला, आणि पुढच्या तीनेक वर्षांत तिने सुमारे ५ हजार घोडे विकत घेतले. खरेदीच्या दिवशी मालक आपापली जनावरे घेऊन येत, बाई प्रत्येकाची पाहणी करी, घासाघीस होई, आणि रक्कम हातावर पडली म्हणजे लगाम तबेल्यातल्या माणसाच्या हाती जाई. बहुतेकांच्या वाट्याला त्यानंतर काही दिवसांचे सुख आले. कोंड्याचे ऊन आंबोण, हिरवागार बरसीम (आपल्या दुग्धशाळांत आज सर्रास पिकणारा हा चारा मूळचा ईजिप्तचाच), जाड गादीसारखा अंथरलेला पेंढा. मग गोळी.

येथे मराठी वाचक थबकेल, आणि त्याने थबकावे. आपल्याकडे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत पांजरपोळ उभा केला, तो कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून झालेल्या दंग्यांच्या पाठोपाठ. आणि त्या संस्थेच्या मुळाशी जी श्रद्धा होती तिच्यात वेदनेने तळमळणाऱ्या जिवासही मरण देणे हा पर्याय बसत नव्हता. डोरोथी ब्रुकच्या पत्राच्या अवघी तीन वर्षे आधी, १९२८ मध्ये, गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमातील एका मरणासन्न वासरास टोचणी देवविली, तेव्हा गुजरातेत केवढा गदारोळ उठला होता हे सर्वश्रुत आहे. दोन्ही पक्षांस आपापली आंधळी बाजू होती, असे मला वाटते. पांजरपोळाने जनावराला जगविले, पण त्याच्या दुखण्यावर औषध करण्याची निकड त्याला पुष्कळ काळ भासली नाही. मुंबईत ती उणीव भरून निघण्यास १८८३ चे परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय यावे लागले. उलट इंग्रज बाईने वेदना थांबविली, पण प्रारंभी तरी तिच्या दयेला राष्ट्रीयत्वाची अट होती. जो घोडा बाणाच्या डागाचा, तो विकत घ्यावयाचा. त्याच गाडीला शेजारी जुंपलेला, तितकाच जखमी, पण ईजिप्तमध्ये जन्मलेला घोडा किंवा गाढव मात्र मालकासमवेत परत जाई.

शिवाय अशा खरेदीत एक व्यवहारी पेच असतो. म्हाताऱ्या घोड्याची रोख किंमत मिळते असे एकदा गावभर झाले, म्हणजे मालक ती घेऊन दुसरे तसलेच मरतुकडे जनावर आणणार, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचीही तीच गत होणार. दया जितकी उदार तितका हा बाजार तेजीत. पैशाने जनावर मालकाच्या हातून सोडविता येते, परंतु मालकाच्या हातात जे ज्ञान नाही ते पैशाने येत नाही. डोरोथी ब्रुकला हे उमगण्यास फार वेळ लागला नाही, आणि याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे, कारण तिच्याआधी व नंतर पुष्कळ सत्पुरुषांना ते जन्मभर उमगलेले नाही. १९३४ पर्यंत युद्धातले घोडे कालगतीनेच संपत आले. निधी उरला, तबेले उरले, आणि नोकर माणसे उरली. तेव्हा तिने कैरोच्या सय्यिदा झैनब या गरीब, दाट वस्तीच्या भागात 'ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल' या नावाने कायमचे रुग्णालय उघडले. नाव युद्धातील घोड्यांचे, दार मात्र शहरातील प्रत्येक कष्टकरी जनावरास उघडे, आणि औषधपाणी विनामूल्य.

विनामूल्य हा शब्द येथे अपुरा आहे. गाडीवानाचे जनावर चार दिवस दवाखान्यात राहिले म्हणजे औषधाचा खर्च शून्य असला तरी चार दिवसांची कमाई बुडते, आणि ती बुडू नये म्हणून तो लंगड्या जनावरासही जुंपतो. ही गोष्ट ओळखून मालकास बुडालेल्या रोजाची काही भरपाई द्यावयाची प्रथा तेथे पडली. शिलेदाराचा घोडा वाचवावयाचा तर आधी शिलेदारास वाचविले पाहिजे, हे पागेतल्या आपल्या जुन्या कारभाऱ्यांस कोणी शिकवावे लागले नसते. परदेशांतून आलेल्या भूतदयावाद्यांस ते अनुभवाने शिकावे लागले.

आणखी एक भ्रम हळूहळू गळाला. कैरोस पशुवैद्यकीचा गंध नव्हता आणि तो पश्चिमेने नेला, असे त्या काळच्या इंग्रजी लिखाणांत वारंवार ध्वनित होते. वस्तुतः याच शहरात चौदाव्या शतकात मामलूक सुलतान अन्-नासिर मुहम्मद याच्या अश्वशाळेशी संबद्ध असलेल्या अबू बक्र या बैताराने, म्हणजे अश्ववैद्याने, घोड्यांची लक्षणे, संगोपन आणि रोगचिकित्सा यांवर 'नासिरी' या नावाने प्रसिद्ध असलेला प्रचंड ग्रंथ रचला, आणि ल्यों येथे युरोपातील पहिले पशुवैद्यक विद्यालय निघावयास त्यानंतर चार शतके जावी लागली. हामाँने आरंभिलेले पशुवैद्यक शिक्षणही ईजिप्तला अपरिचित नव्हते. गाडीवानाच्या अंगणापर्यंत मात्र यांतले काहीच पोहोचले नव्हते. तेथे राज्य होते ते नालबंदाचे.

या नालबंदाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण कैरोत काय अन् कोल्हापुरात काय, घोड्याचे आयुष्य डॉक्टरापेक्षा अधिक त्याच्याच हाती असते. खुराची भिंत महिन्याकाठी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी वाढते. ती वेळेवर आणि समतोल तासली नाही तर घोडा टाचेवर किंवा पुढच्या कडेवर भार टाकू लागतो, त्याने स्नायूंच्या दोऱ्या ताणतात, सांधा सुजतो, आणि मालकाला दिसते ते एवढेच की जनावर लंगडते. मग मालक त्याला डागावयास नेतो. तापलेल्या लोखंडाने पायावर ओढलेल्या चऱ्या पाहून परदेशी डॉक्टरांचे पित्त खवळे, आणि ते रानटीपणावर बोलत; त्यांच्याच देशात, त्यांच्याच सैन्याच्या पशुवैद्यांकडून, शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना हाच उपचार अधिक नीटनेटक्या हत्याराने अद्याप चालू होता, याचा मात्र त्यांना सोयीस्कर विसर पडे. नालबंदाला शिव्या देऊन दुखणे थांबत नाही. त्याच्या हातात चांगली कानस द्यावी, खूर कोठवर तासावा आणि खिळा कोठे ठोकावा म्हणजे तो आतल्या जिवंत भागात शिरत नाही हे त्याच्याच शेजारी बसून दाखवावे, तेव्हा कोठे एका नालबंदामागे शेकडो जनावरांची चाल सुधारते. असल्या कामाची फोटोत काही शोभा नसते, आणि वर्गणीदारांना पाठविण्याच्या अहवालात त्याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

याच सुमारास उत्तर आफ्रिकेत अन्यत्रही असेच प्रयत्न चालू होते. केट होसाळी आणि तिची मुलगी नीना या लंडनच्या दोघी बायकांनी १९२३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि १९२७ मध्ये मोरोक्कोतील फेज शहरात एका अमेरिकन बाईच्या देणगीतून 'अमेरिकन फोन्दूक' हा जनावरांचा दवाखाना निघाला. फोन्दूक म्हणजे आपल्याकडची सराई, जेथे मुसाफिराबरोबर त्याच्या जनावरासही आसरा मिळे. फेजच्या जुन्या शहरातील गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही, आणि म्हणून खेचर व गाढव हीच तेथली मालवाहतूक. अशा गावी पशुवैद्यकीची गरज सहसा संपत नाही. या सर्व संस्थांच्या आरंभी बायका आहेत ही लक्षणीय गोष्ट होय. सैन्य, महसूल आणि विद्यापीठ या पुरुषांच्या मक्त्यांपैकी कोणालाही गाढवाच्या पाठीवरील जखमेत प्रतिष्ठा दिसत नव्हती.

डोरोथी ब्रुक १९५५ मध्ये ईजिप्तमध्येच वारली. तिच्या दैनंदिनीतील निवडक भाग पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि संस्था तिच्या नावाने ईजिप्तबाहेर जॉर्डन, पाकिस्तान आणि हिंदुस्थान येथपर्यंत पोहोचली. आपल्या देशात तिचे काम वीटभट्ट्यांवरील घोडी-खेचरांत आणि टांग्यांच्या अड्ड्यांवर चालते, म्हणजे कैरोच्या गाडीवानाशी ज्याचे सख्खे नाते आहे अशाच माणसाच्या दारी. सय्यिदा झैनबमधील रुग्णालय अद्याप चालू आहे. तेथील डॉक्टर ईजिप्तचे आहेत, नालबंद ईजिप्तचे आहेत, आणि परदेशाचा वाटा आता मुख्यत्वे पैशाचा उरला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अशा कार्याची हीच उत्तम परिणती होय, आणि जेथे पन्नास वर्षांनंतरही दर मोसमात विमानाने नवे पाहुणे डॉक्टर यावे लागतात तेथे काहीतरी चुकलेले असते.

परळ, नागपूर, परभणी, शिरवळ येथून पदवी घेऊन बाहेर पडणारे तरुण अलीकडे सुट्टीचे चार आठवडे आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात सेवेसाठी घालवू लागले आहेत, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एकच विनंती करावीशी वाटते. औषधांच्या पेट्या भरण्यापूर्वी, तेथील नालबंदाशी आणि गाडीवानाशी दुभाष्यावाचून चार वाक्ये बोलता येतील एवढी त्या मुलखाची भाषा शिकून जावे. आणि तेवढी सवड नसेल, तर प्रवासखर्चाची रक्कम तिथल्या दवाखान्यास धाडून सुट्टी आपल्याच तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात काढावी.